न पेटलेला राब

वैशाखात औंढ्याच्या वाटेला लागलं की आधी माझं नाक माहेरी पोचतं आणि मग मी. लोणावळ्यातून रिक्षा बाहेर पडते, बंगल्यांच्या कुंपणभिंती मागे पडतात आणि तो वास येतो: जळक्या शेणाचा, ऐनाच्या सुकल्या पाल्याचा, तापलेल्या मातीचा. राब भाजल्याचा वास. भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घ्यायची, ही आमच्या मावळातली जुनी रीत. खाली शेण, त्यावर टहाळ्या, त्यावर पाचोळा आणि गवत, सगळ्यात वर बारीक माती, आणि मग काडी. ज्वाळा दिसत नाही, नुसतं धुमसत राहतं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि मृगाला बी पेरलं की रोप असं तरारून येतं की बघत राहावं. मी जन्मभर लोणावळ्याच्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवली, पण वर्षाचे महिने मला अजून नाकानंच कळतात.

या वर्षी वाटेत ठिकठिकाणी धूर होता. आमच्या शेतापाशी आले तर तो नव्हता. तिथं पेट्रोलचा वास होता. लहानपणी हा वास मला फार आवडायचा, हे कबूल केलेलं बरं. गावात वर्षाकाठी एखादी मोटार यायची, तेव्हा आम्ही पोरं तिच्या मागं उभं राहून छाती भरून तो वास घ्यायचो. आता तो वास आमच्याच जमिनीतून येतो. रस्त्याकडच्या ज्या तुकड्यात आमचा राब असायचा तिथं पंप उभा आहे, स्वच्छ, पांढरा, वर मोठं छत. माझी रिक्षा पुढं जाऊन तिथंच वळली, कारण रिक्षावाल्याला भरायचं होतं. मी मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत बसले. कुणी विचारलं असतं काय शोधता, तर सांगता आलं नसतं.

हे सगळं सुरू झालं तीन वर्षांपूर्वीच्या रोपाच्या हंगामात. मी त्यावर कुणाशी बोलत नाही. बोलायला हवं होतं एकीशीच, आणि तिच्याशीच तीन वर्षं बोलले नाही.

ती म्हणजे स्नेहल, माझ्या धाकट्या भावाची, बाळूची मुलगी. बाळूचा टेम्पो आहे. पहाटे भाजी आणि दूध लोणावळ्यात पोचवायचं, मग चिक्कीवाल्यांची गुळाची आणि शेंगदाण्याची पोती वाहायची, असा त्याचा दिवस. त्या टेम्पोवर स्नेहल पुण्यात शिकली आणि तिथून आली ती डिझेलच्या विरोधात होऊन. दर शुक्रवारी ती आणि तिचे सोबती हातात पाट्या घेऊन एका चौकात बसायचे. कोळसा थांबवा, तेल थांबवा, आमचा श्वास वाचवा. गावातले लोक बाळूला म्हणायचे, पोरगी ज्या फांदीवर बसलीय तीच तोडतीय. बाळू हसायचा. त्याला तिचा अभिमानही वाटायचा आणि ती म्हणते त्याचं काय करावं हेही कळायचं नाही. मलाही कळायचं नाही, पण मी मास्तरीण, त्यामुळे कळल्यासारखा चेहरा करायची सवय आहे.

त्या उन्हाळ्यात सुट्टीला आल्या आल्या तिनं पहिलं भाषण दिलं ते आबांना. आबा आमचे चुलते. ऐंशी उलटलेली, अंगात बंडी, कमरेला पंचा. त्यांचा तुकडा आमच्या तुकड्याला लागून, वरच्या अंगाला. ते राब रचत होते आणि ही बांधावर उभी राहून त्यांना धुरात काय काय असतं ते सांगत होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खालच्या रस्त्याकडं हात केला. शनिवार होता, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती.

"बाय, माजा धूर वर्सातनं येकदा," आबा म्हणाले. "त्यो कदी इजतोय का बग."

स्नेहलचा एक गुण मला फार आवडतो, चुकलं की ती तोंड वाकडं करत नाही. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन आबांच्या हाताखाली राबाला लागली.

आमच्या लहानपणी लोणावळ्यात कुणी पंखा घेतला तर लोक हसायचे. हवा खायला माणसं इथं येतात आणि तुम्ही विकत घेता का, म्हणायचे. आता माझ्या इमारतीत प्रत्येक खिडकीबाहेर एसीचं खोकं लटकतं, एप्रिलपासून रात्रंदिवस घरघरतं. मीही मागच्या वर्षी बसवला. इथल्याच धरणांचं पाणी घाटाखाली उतरून मुंबईला वीज देतं म्हणून आम्हाला शाळेत अभिमानानं शिकवायचे. त्याच दिवसांत औंढ्याला घरात रॉकेलची चिमणी होती. चिमणीची काच पुसायचं काम माझं आणि बाळूचं. त्याचा हात लहान म्हणून तो आत जायचा. काच चमकली की बाळू म्हणायचा, आक्का, आता लय लांबचं दिसंल. अंधार होता, त्याचं दुःख मी आजही विसरलेली नाही, म्हणून वीज वाईट, तेल वाईट असं माझ्या तोंडून सहज निघत नाही. स्नेहलनं चिमणी पाहिली नाही. तिनं तापलेला उन्हाळा पाहिलाय. दोघींचंही खोटं नाही, अडचण तिथंच आहे.

तर त्या वैशाखात पंपाची बोलणी आली. पवना धरणाकडं जाणारी गर्दी वाढलेली, रस्त्याला जागा हवी होती, आणि आमचा तुकडा मोक्याचा. मध्यस्थ माणूस गोड बोलणारा होता. जमीन विकायची नाही, भाड्यानं द्यायची, उतारवयात बाळूला टेम्पो हाकावा लागणार नाही, असं सगळं. बाळूची कंबर तेव्हाच धरायला लागली होती. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागं दोघांची नावं लागली होती, बाळूचं आणि माझं, त्यामुळे माझीही संमती लागणार होती. बाळू हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बघू म्हणाला.

स्नेहलनं तेव्हा घरात आरडाओरडा केला असता तर मला ते सोपं गेलं असतं. तिनं केलं ते वेगळंच. बापाला म्हणाली, यंदा आपला राब मी भाजणार. आणि आबांना विचारून विचारून तिनं त्या तुकड्यात एकटीनं राब रचला. आमच्यात एक आहे, रोप उभं असलेल्या जागेत कुणी चप्पल घालून पाय ठेवत नाही. यंत्र घालायची तर गोष्टच सोडा. रोप उपटून आवणी, म्हणजे खाचरात लावणी, होईपर्यंत त्या जागेला कुणी हात लावणार नाही हे तिला माहीत होतं. पुण्यात ती पाटी घेऊन बसायची, इथं तिनं राब रचला. तेवढ्या अवधीत बापाचं मन वळेल असा तिचा हिशेब.

मग एक दिवस आबांची वाट न बघता तिनं घाईनं काडी लावली. चुकीच्या टोकाला. वारा जिकडून येतो त्याच्या उलट्या टोकाला राब पेटवायचा असतो, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि ऊब मातीत मुरते. हिनं वाऱ्याच्या बाजूनं लावली. आग सरसर पळाली, वरचा पाला भुर्रकन जळून गेला आणि खालचं शेण तसंच राहिलं. घटकेत सगळं संपलं. आबा काठी टेकत आले, जळलेल्या पाल्याखाली बोट घातलं. माती गार होती. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की वाऱ्यासंगं पळणारी आग दिसायला लय, कामाला न्हाई.

मृगात तिनं बी टाकलं. रोप आलं, पण त्यात तणही तेवढंच आलं. रोज सकाळी अनवाणी ती त्या वाफ्यात बसून तण वेचायची. कोवळं तण आणि कोवळं भात सारखंच दिसतं, तिला ओळखू यायचं नाही, म्हणून आबा बांधावरून सांगायचे. मी रविवारी जायची आणि आबांशेजारी बसायची. बाळू टेम्पो उभा करून लांबूनच बघायचा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी वाचायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे वाचले.

आषाढात एका रविवारी ती तिच्या सोबत्यांना घेऊन भुशीला गेली. धरणाच्या वाटेवर गाड्यांची मैलभर रांग, काचा बंद, इंजिनं चालू, आत एसी. ही मुलं पावसात भिजत प्रत्येक काचेवर टकटक करून पत्रकं वाटत होती: रेल्वेनं या, चालत या, इंजिन तरी बंद करा. मी मक्याच्या कणसाच्या गाडीपाशी छत्री धरून उभी होते. लोक चांगले होते, पत्रकं घेत होते, काही जण थँक्यूही म्हणत होते. मग काच वर जायची आणि आतून धुकं धरलेली काच त्याच पत्रकानं पुसली जायची. एकामागून एक. वराळ्याहून आलेली तिची एक मैत्रीण ते बघून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. ती सगळी मुलं भाड्याच्या गाडीनं आली होती, हेही सांगायला हवं. दुसरी सोय नव्हती. परतताना स्नेहल माझ्याजवळ आली, केस निथळत होते. म्हणाली, "आत्या, तू सही करू नकोस. बाकी कुणाला थांबवणं माझ्या हातात नाही, पण तुला सांगू शकते."

मी म्हटलं, बघू. आमच्या घरात या शब्दानं पुष्कळ संसार केला आहे.

त्याच आठवड्यात बाळू माझ्याकडं आला. दुपारची वेळ. टेम्पो खाली लावून वर आला, चहा घेतला, बिस्कीट बुडवून ते कपात पडेपर्यंत तसाच बसला. कागद शर्टाच्या खिशात होता, तो त्यानं बाहेर काढला नाही. कंबरेचं बोलला, पावसाचं बोलला. मग म्हणाला, स्नेहलनं त्या रोपाला फार जीव लावलाय. आणि मग खाली बघत म्हणाला:

"आक्का, तुजी मर्जी नसंल तर सांग. तू न्हाई म्हनलीस, तर मी त्यास्नी सांगतो, भनीची सही न्हाई. इषय मिटला."

हे वाक्य मी आता रोज ऐकते. तेव्हा मी काय ऐकलं? मला वाटलं, हा मला पारखतोय. आमच्या मावळात जमिनीला भाव आला तसे किती तरी बहिणींचे दरवाजे बंद झाले. सहीला अडून बसली ती बहीण मग माहेरच्या लग्नाला बोलावली जात नाही, दिवाळीला तिची वाट कुणी बघत नाही. माझ्या शाळेतल्या दोघी जणी अशा आहेत. ओवाळायला भाऊ आहे आणि ताट घेऊन जायला घर नाही. मी ठरवलेलं होतं, आपण तसं व्हायचं नाही. म्हणून मी मोठेपणानं हसले. "माझ्यामुळं तुझं अडायला नको. कागद आणलायस ना?" असं मीच विचारलं. त्यानं तो काढला. घडी उलगडताना त्याला वेळ लागला. मी सही केली, खाली झोकदार रेघही ओढली. तो कागदाकडं बघत राहिला. शाई वाळायची वाट बघतोय असं मला वाटलं.

त्या दिवाळीला आबांनी मला सांगितलं. घरातून निघताना बाळू त्यांना म्हणाला होता, आक्का न्हाई म्हनंल, ती शिकल्याली हाय, पोरीचं तिला कळंल. तो सही घ्यायला नव्हे, नकार घ्यायला आला होता. स्वतः नाही म्हणायचा तर सगळ्या आळीला तोंड द्यावं लागलं असतं, हातचं सोडलं म्हणून लोक हसले असते. माझा नकार त्याला हवा होता, पुढं करायला. आणि मी त्याला प्रेमानं होकार दिला.

पेपरात वाचते की देशाला कोळसा लागणार, तेल लागणार, आणखी बरीच वर्षं लागणारच. मोठमोठ्या परिषदा होतात, सगळे देश एकमेकांकडं बघतात. पूर्वी मला हे लांबचं वाटायचं. आता वाटतं, तिथंही कुणीतरी खिशात कागद ठेवून चहा पीत बसला असेल आणि समोरच्यानं नाही म्हणावं म्हणून थांबला असेल. समोरचा त्याला दुखवायचं नाही म्हणून पेन शोधत असेल. मला हा विचार करून बरं वाटत नाही. माझी चूक मोठ्या चुकांत मिसळून टाकायची ही युक्ती आहे, हेही मला समजतं.

पुढचं सांगायचं म्हणजे जिवावर येतं. सही झाल्याचं कळल्यावर स्नेहलनं बापाला एकच विचारलं, आत्यानं कशी केली? बाळू म्हणाला, मीच करायला लावली, तिच्या मनात नव्हतं. पोरीच्या मनातून मी उतरू नये म्हणून तो स्वतः उतरला. आवणी झाली, तिनं शेवटची मूठ लावली आणि पुण्याला निघून गेली. जाताना माझ्याकडं आली, गळ्यात पडली, म्हणाली, तुला तरी काय करता येणार होतं आत्या. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हापासून ती बापाशी कामापुरतं बोलते. गावी येते ती आबांकडं, जेवते आबांकडं. आबांकडं जायला खालच्या रस्त्यानं सरळ पडतं, पण ती वरच्या बाजूनं, चढ चढून जाते. त्या सिमेंटवर तिनं पाय ठेवलेला नाही. तिच्या तणाच्या वाफ्यातल्या रोपाचा भात आम्ही वर्षभर खाल्ला. बाळूनं मला अर्धं पोतं आणून दिलं. अन्न टाकवायचं नाही, म्हणून मी तो शेवटच्या दाण्यापर्यंत शिजवला.

पंप मागच्या दिवाळीनंतर सुरू झाला. या वैशाखात आबांनी स्नेहलला फोन करून बोलावलं. गुडघे चालेनात, म्हणाले, माझा राब तू रच. ती आली. मीही गेले. सकाळभर तिनं शेण पसरलं, टहाळ्या अंथरल्या, मुठीनं माती भुरभुरली. आता तिचे हात आबांसारखे चालतात. सगळं झाल्यावर तिनं चिमूटभर धूळ हवेत सोडून वारा पाहिला, बरोबर टोकाला जाऊन बसली आणि काड्यापेटी काढली. तेवढ्यात खालून पंपाचा मॅनेजर धापा टाकत वर आला. भला माणूस, हात जोडूनच आला. म्हणाला, बांधाला लागून आमच्या टाक्या आहेत, इथं आग लावता येणार नाही, यंदाही नाही आणि पुढंही नाही. त्याचं चुकीचं नव्हतं. आबा दगडावर बसले होते, त्यांनी ऐकून घेतलं.

"येवडं त्याल पुरलंय हितं," ते म्हणाले, "आन् भ्या कशाचं, तर माज्या काडीचं."

मॅनेजर गेला. स्नेहलनं काड्यापेटी आबांच्या हातात दिली आणि रचलेल्या राबाकडं बघत बसली. ऊन चढलं होतं. खाली पंपावर गाड्या येत होत्या, जात होत्या. तिचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, आता ही बापाला आणखी एक गोष्ट माफ करणार नाही, आणि ती चूकही त्याची नाही. मग मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, शुद्धलेखन सांगावं तसं एकेक वाक्य सांगितलं असणार. की तुझे पप्पा नाही म्हणवून घ्यायला आले होते. की कागद मी मागितला. की त्यांनी तुला खोटं सांगितलं ते माझ्यासाठी, आणि मी तीन वर्षं ते चालू दिलं.

ती माझ्याकडं बघतही नव्हती. राबाकडं बघतच तिनं विचारलं, "तू का नाही सांगितलंस आत्या?"

"तू मला चांगली समजत होतीस," मी म्हटलं.

ती उठली. हाताची माती ओढणीला पुसली आणि बांध उतरून खाली निघाली, नेहमीच्या चढाच्या वाटेनं नव्हे, सरळ. खाली पंपाच्या रांगेत बाळूचा टेम्पो होता. तो दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसला होता, कंबर आखडली की तो तसाच बसतो. सिमेंट सुरू होतं तिथं स्नेहल थांबली. वाकली. तिनं चपला काढल्या, कडेला नीट जोडीनं ठेवल्या आणि भर दुपारी त्या तापलेल्या सिमेंटवरून अनवाणी चालत गेली. लोक बघत होते. बाळूनं तिला येताना पाहिलं आणि तो टेम्पोतून घाईनं उतरला, कंबरेवर हात ठेवून.

काय बोलले ते इतक्या वरून ऐकू आलं नाही. बाळूनं आपल्या चपला काढून तिच्या पायांपुढं सरकवल्या एवढं दिसलं. तिनं घातल्या नाहीत. मग दोघं तशीच अनवाणी उभी राहिली, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, रांग पुढं सरकली होती. बाळूनं टेम्पो पुढं घेतला आणि डिझेल भरलं. स्नेहल शेजारी उभी राहून आकडे फिरताना बघत होती.